तेहतीस चेंडूंचं वाण

ये, अशी जवळ येऊन बस. दारातल्या खुर्चीवर नको. तिथं बसणारा माणूस मनानं अर्धा निघालेलाच असतो. आणि तो फोन पालथा ठेव आधी. वर्षभर "येते काकू, येते काकू" म्हणून मला झुलवलंस, आणि आलीस ती तासाभराच्या बोलीवर! राहू दे, रागावत नाही. पण ही गोष्ट तू कोणा दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याआधी माझ्या तोंडून ऐक. लोक फार मीठमसाला लावतात. (मीही लावते, पण माझा घरचा असतो.)

तर, यंदाच्या अधिक महिन्यात मी माझ्या जावयाला गोल्फचे तेहतीस चेंडू वाण दिले. चेंडू मी स्वतः निवडून घेतले होते. त्यांत एकही खराब नव्हता. सगळं रामायण त्यामुळेच झालं.

तुला आमची वैशू माहीत आहे. तिचा नवरा तिकडे वणीजवळ, राजूरच्या बाजूला कोळशाच्या खाणीत इंजिनिअर आहे. अधिकाऱ्यांची वसाहत आहे, आणि वसाहतीच्या मागं त्यांनी गोल्फचं मैदान केलंय. आता कोळशाच्या खाणीशेजारी गोल्फचं मैदान म्हणजे कसं, की गवत आहे पण ते हिरवं कमी आणि राखी जास्त. पांढरा शर्ट घालून खेळायला जायचं आणि करडा घालून परत यायचं. तरी पहाटे साडेपाचला सगळे साहेब लोक काठ्या घेऊन हजर! आमच्या जावईबापूंना दोन वर्षांपासून हे वेड लागलंय.

मी महागावला बसून एवढंच जाणत होते की जावयाला धोंडा द्यायचा आहे. तीन वर्षांनी एकदा अधिक महिना येतो. त्यात लेक-जावयाला जेवू घालायचं आणि जावयाला तेहतीस जाळीदार वस्तू वाण म्हणून द्यायच्या. अनारसे म्हण, बत्तासे म्हण. जिला बारीक बारीक भोकं आहेत अशी वस्तू. मागच्या अधिकात मी तेहतीस अनारसे केले होते. जावईबापू बिचारे भिडस्त, सासूचं मन मोडायचं नाही म्हणून एका बैठकीत अकरा खाल्ले! आठ दिवसांनी रक्त तपासलं तर साखर निघाली. डॉक्टरनं गोड बंद केलं. आता साखर काही माझ्या अनारशांनी आली नव्हती, ती आधीपासूनच दबा धरून बसली असणार. पण सोयऱ्याधायऱ्यांत नाव कोणाचं झालं? "महागाववाल्या बाईनं जावयाले साखर लावली!" तीन वर्षं हे ऐकतेय मी. म्हणून यंदा मी मनाशी ठरवलं होतं, की जावयाच्या तोंडून भिडेखातर नाही, मनापासून "वा आई!" निघालं पाहिजे. बाकी काही नको मला.

आमच्या यांना विचारलं तर पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "एक शाल दे न मोकळी हो."

"भर उन्हाळ्यात शाल? यवतमाळ जिल्ह्यात?"

"तो कुठं पांघरून राह्यला? कपाटातच ठेवील."

यांच्याकडून याहून जास्त मदत मला चाळीस वर्षांत झालेली नाही.

जावईबापूंना रजा मिळेना. मग धोंडा जावयाकडे चालत गेला! मी कुरडयांचा डबा, पापड, तांब्याचं ताट असं सगळं घेऊन यष्टीनं वणीला उतरले. सोमवारचा दिवस होता. वैशूनं घरात पाऊल टाकताच बजावलं, "आई, यांना गोड चालत नाही. अनारसे आणले असशील तर तशीच डब्यासकट परत जा."

"नाही व बाई. पण मग जाळीदार काय देऊ?"

"पाहू दोन दिवसांत. आणि ऐक, गुरुवारी धोंड्याच्या जेवणाले मी मोठ्या साहेबांना आणि मॅडमना बोलावलं आहे."

"जावयाच्या धोंड्याले साहेब कायले?"

वैशूनं दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं. रविवारी दुसऱ्या खाणीवाल्यांशी गोल्फची मॅच होती. दोघादोघांची जोडी. एक मोठे साहेब स्वतः, आणि दुसरा कोण ते साहेब शुक्रवारी ठरवणार होते. एक आमचे जावईबापू, नाहीतर दुसरे कोणीतरी ठेंगणे आडनावाचे साहेब. मोठ्या साहेबांचं म्हणणं एवढंच, की मला लांब मारणारा नको, चेंडू कुंपणाच्या आत ठेवणारा पाहिजे.

"मग आपले जावईबापू ठेवतात ना आत?"

"ठेवतात म्हणजे काय! साहेबांना सांगितलं आहे यांनी, महिन्यातून एखादा जातो बाहेर म्हणून. एखादाच! आई, दोन वर्षांपासून वाट पाहून राह्यले हे या मॅचची. रात्री झोपेतसुद्धा हात फिरवतात. मागच्या आठवड्यात माझ्या कानाजवळून गेला."

संध्याकाळी जावईबापू दिवाणावर चार-पाच चेंडू मांडून बसले होते. एक उचलायचे, दाबायचे, ठेवायचे. दुसरा उचलायचे, कानाशी न्यायचे, ठेवायचे. मी खरबूज घेताना असंच करते, म्हणून मला आपुलकी वाटली. जवळ जाऊन बसले.

"काय पाहून राह्यले?"

"आई, चेंडू निवडतोय. माझ्या खेळाला बरोबर बसणारा चेंडूच सापडत नाही."

"काहून? सारे तर गोलच दिसते."

तिथंच मी चुकले. त्यांनी चष्मा नीट केला आणि पाऊण तास मला चेंडू शिकवला! काही चेंडू आतून मऊ, काही कडक. काहींच्या पोटात दोन थर, काहींच्या तीन. ज्याचा हात जोरात फिरतो त्याला कडक, ज्याचा सावकाश फिरतो त्याला मऊ. एक लांब जातो पण पडल्यावर घरंगळतो. दुसरा कमी जातो पण पडला तिथंच बसतो, पाहुण्यासारखा. आणि एकदा आपला चेंडू सापडला की मग जन्मभर तोच वापरायचा.

"म्हणजे जमीन पाहून बियाणं," मी म्हटलं. "काळ्या जमिनीले वेगळं, बरडाले वेगळं."

"अगदी बरोबर! आई, तुम्हाला पटकन कळलं. यांना अजून कळत नाही." (यांना म्हणजे माझ्या लेकीला. ती स्वयंपाकघरातून भांडी जरा जास्त जोरात ठेवायला लागली.)

"मग तुमाले कोणता बसते?"

"तेच तर! दर महिन्याला कंपनी बदलतो मी. दोन-चार दिवस बरा जातो, मग वाकडा. चेंडूच बरोबर नाही, आई."

नाचता येईना अंगण वाकडं, हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण जावई हा जावई असतो. मी नुसता एक चेंडू हातात घेतला. आणि काय सांगू तुला! दिव्याच्या उजेडात पाहते तर त्या चेंडूला अंगभर खळ्या! बारीक, गोल, एकासारखी एक. माझ्या एकाही अनारशाला इतकी सुंदर जाळी कधी पडली नव्हती!

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जाळीदार वस्तू, गोड नाही, नासत नाही, मुंग्या लागत नाहीत, आणि जावयाला जीव की प्राण. तेहतीस चेंडू! शास्त्रात चेंडू द्यावा असं कुठं लिहिलेलं नाही, हे खरं. पण देऊ नये असंही लिहिलेलं नाही. आमच्या गुरुजींना हळूच फोन लावला तर ते म्हणाले, "भोकं आहेत ना? मग होऊन जाईल."

आता चेंडू आणायचे कुठून? वैशूला विचारलं तर बिंग फुटणार. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला म्हणून कुंपणाच्या बाजूनं निघाले. कुंपणाला लागूनच एका शेतकऱ्याचं वावर आहे. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक मोठी बाभूळ, आणि बाभळीखाली एक बाई वाकून काहीतरी वेचून राह्यली होती. मे महिन्यात रिकाम्या वावरात वेचायला काय असतं, म्हणून मी थांबले. तर तिच्या हातात पांढरा चेंडू!

तिचं नाव पुष्पा. वावर तिचंच. मी विचारलं, "काय व बाई, असे सापडते का इथं?"

"सापडते काय म्हनता! कापूस वेचाच्या वक्ती तं बोंड कोनतं आन् चेंडू कोनता तेच समजे नाई. कापूस घेनाऱ्या जीनवाल्यानं मले बोलनं देल्लं, म्हने कापसात गोटे टाकतं का वजनाले!"

"मग करतं काय तू त्याचं?"

"काय करू? टोपलीत ठेवते. साहेब लोक मांगाले येत नाई, लाजते. चाला घरी, दाखवते."

घरी गेले तर टोपली नव्हती, टोपल्या होत्या. दोन! मी मनात म्हटलं, बाई, देव अधिक महिन्यात असा पावतो. सौदा दोन मिनिटांत झाला: माझा कुरडयांचा डबा तिला, आणि मला पाहिजे ते तेहतीस चेंडू निवडून.

आता निवडणं हे माझं काम. अगं, लग्न होऊन आले तेव्हापासून घरचं बियाणं मीच निवडलं आहे. सोयाबीनचा दाणा मी नुसता चावून सांगते उगवेल की नाही. चेंडू चावता येत नाही (एकदा पाहिला प्रयत्न करून, दाढ अजून ठणकते). म्हणून आधी बादलीत पाणी घेतलं आणि सगळे चेंडू त्यात टाकले. पोचट दाणा वर येतो, भरीव बुडतो. सगळेच्या सगळे बुडाले! पुष्पा म्हणाली, "माल चांगला दिसते." मग दगडावर आपटून पाहिले. सगळेच उडाले. एक पुष्पाच्या कोंबडीला लागला, ती बिचारी दिवसभर अंडं न घालता विचार करत बसली.

दोन्ही परीक्षांत सगळेच पास. मग निवडू कसे? चष्मा लावून एकेक जवळून पाहायला लागले, आणि मला ती खूण दिसली. चेंडूंवर इंग्रजी नावं वेगवेगळी होती, पाच-सहा कंपन्यांची तरी. पण त्यांतल्या पुष्कळ चेंडूंवर, कंपनी कोणतीही असो, एका बाजूला लाल शाईनं एक टिंब आणि त्याखाली दोन बारीक आडव्या रेघा होत्या. बाकीच्यांवर कशाकशावर निळं फूल, कशावर काळी फुली, पण ती दोन-दोन, चार-चार. लाल टिंबवाल्यांचा मात्र ढीग!

मी पुष्पाला म्हटलं, "समजलं का तुले? कंपनी येगळी येगळी, पण शिक्का एकच. म्हणजे हे तपासलेले आहेत!"

"कोनी तपासले?"

"सरकारनं, नाहीतर कोणीही! प्रमाणित बियाण्याच्या पिशवीले टॅग असते का नाही? कंपनी कोणती का असेना, टॅग असला म्हणजे उगवणारच. बिनटॅगचं घेतलं अन् दुबार पेरणी झाली, तर रडायचं कोणाजवळ?"

पुष्पाला पटलं. तिनंही मागच्या साली बिनटॅगचं घेऊन फसगत करून घेतली होती. ती म्हणाली, "तरीच म्हनलं! याच शिक्क्याचा माल जास्त येते जी. बाकीचे आठा-पंधरा दिसात एखादा. हा तं रोज ताजा!"

घे! रोज ताजा येतो म्हणजे खप जास्त, खप जास्त म्हणजे माल चांगला. साहेब लोक काय वेडे आहेत रोज वाईट चेंडू वापरायला? मी लाल टिंबाचे तेहतीस वेचून घेतले, साबणानं धुतले, टिंब पुसलं जाऊ नये म्हणून त्या जागी हात लावला नाही, आणि ओढणीत बांधून घरी आले. (ओढणी पुष्पाच्या सुनेची. परत द्यायची राहिली आहे.)

गुरुवारी जेवणाचा थाट काय वर्णावा! मोठे साहेब आणि मॅडम वेळेवर आले. साहेब मूळचे नागपूरचे, उंच, मिशीवाले, आणि हसले की समोरच्याच्या पाठीवर थाप मारायची सवय. जावईबापू अंग चोरून पाटावर बसले. मी ओवाळलं, टिळा लावला, आणि खणानं झाकलेलं तांब्याचं ताट पुढं केलं.

"काय आहे आई?" जावई घाबरले. "गोड नाही ना?"

"तुमच्या जिवाभावाचं आहे. काढा खण!"

त्यांनी खण काढला. तेहतीस चेंडू, मधोमध रचलेले, वर दिवा! साहेब उभेच राहिले आणि जावयाकडं वळून म्हणाले, "अरे वा! राऊत, सासूबाई असाव्या तर अशा! जाळीदार वाण काय, आणि गोल्फ बॉल काय! कमाल केली मावशी!"

जावईबापू खरोखर खुलले. तोंड उघडलं. "वा आ..." म्हणाले, आणि तेवढ्यात त्यांनी एक चेंडू उचलून फिरवला. "आई" पुरतं झालंच नाही. चेहऱ्याचा रंग असा उतरला, जसा पहिल्या धुण्यात स्वस्त लुगड्याचा उतरतो. मला वाटलं, आनंद झाला.

साहेबांनीही एक उचलला. पाहिला. दुसरा उचलला. मग तिसरा. मग चष्मा काढून पुसला आणि चौथा. "राऊत, ही लाल टिंबाची खूण... तुमचीच ना?"

माझ्या लेकीनं डोळे मिटून घेतले. मला काय ठाऊक, की या खेळात ज्यानं त्यानं आपापल्या चेंडूवर आपली खूण काढायची असते! मला वाटलं, साहेबांना मालाची शंका आली. आणि माल माझ्या निवडीचा! मी पुढं सरसावले.

"अगदी तोच शिक्का आहे साहेब! एकही बिनशिक्क्याचा घेतला नाही मी. पारखून घेतले!"

"कुठं मिळाले मावशी?"

"इथंच, कुंपणाच्या पलीकडं. पुष्पाबाईच्या वावरात."

"आणि एवढे... तेहतीसच होते?"

"छे! तेहतीस तर मी घेतले, वाणापुरते. या शिक्क्याचे अजून दीड टोपली पडले आहेत. आणि चिंता करू नका, ती म्हणाली, हा माल रोज ताजा येते!"

मॅडम रुमालानं तोंड झाकून खोकत होत्या. जावईबापू पाटावर इतके लहान झाले होते, की मला वाटलं आता दिव्याच्या मागं दिसणार नाहीत. वैशू माझ्या कानाशी आली. "आई, हे यांनी हरवलेले चेंडू आहेत. सगळे यांचेच आहेत."

तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. म्हणजे मी जावयाला त्याचेच चेंडू वाण दिले होते! आणि ते कोणापुढं, तर ज्याला "महिन्यातून एखादा" सांगितलं होतं, बरोबर त्याच साहेबापुढं! मागच्या वेळी साखर लावली, यंदा अब्रू काढली. मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. पण तिथली धरणी आधीच खणून ठेवलेली, कोळसा काढलेली. तिच्या पोटात जागा कुठली!

साहेब मात्र हसले नाहीत. मिशी कुरवाळत म्हणाले, "मावशी, त्या बाईला हे सापडले कुठं? वावरभर?"

"नाही जी. धुऱ्यावरच्या बाभळीखाली."

"सगळे?"

"सगळे. लाल टिंबाचे बाभळीखालीच पडते म्हणाली. दुसरीकडं पाहायलाच जात नाही ती."

साहेबांनी पाटाजवळ येऊन जावयाच्या पाठीवर अशी थाप मारली की दिवा विझला. "राऊत! अहो, जो माणूस दोन वर्षं रोज एकाच बाभळीखाली चेंडू टाकतो, त्याचा नेम वाईट कसा? तुमचा नेम तर पक्का आहे! फक्त तोंड चुकीच्या बाजूला आहे! उद्या पहाटे या मैदानावर."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी जावयाला उभं केलं, त्यांचा डावा पाय धरून एक वीतभर मागं सरकवला, आणि म्हणाले, मारा. चेंडू सरळ गेला! दुसरा मारला, सरळ. तिसरा, सरळ. आणि चेंडू कोणता होता? माझ्या ताटातलाच, हळदी-कुंकवासकट! दोन वर्षं दर महिन्याला कंपनी बदलली, पण खोट पायात होती. साहेबांनी तिथल्या तिथं सांगितलं, रविवारी माझ्या जोडीला राऊतच. आणि वर म्हणाले, "मावशीला पण आणा मॅचला. त्या नसत्या तर ही बाभूळ मला कधी कळलीच नसती!"

मी आनंदानं फुलून गेले. पण माझी लेक मला ओळखून आहे. रविवारी पहाटे निघताना तिनं माझ्यापुढं हात जोडले, अगदी देवापुढं जोडावे तसे. "आई, आज फक्त एक ऐक. तुले मोकळं बसायचं असेल तर बस, शेंगा खायच्या असतील तर खा. पण यांचा चेंडू चारचौघांत कोणाले दाखवू नको. शपथ आहे तुले माझी."

"बरं व बाई. एकदा चुकली म्हणून काय माणूस सारखाच चुकते?"

मी कडुनिंबाच्या सावलीत, मैदानाच्या कडेला बसले. पदर मांडीवर पसरला आणि शेंगा फोडत राहिले. मॅच काय विचारतेस, अटीतटीची! दुसऱ्या खाणीवाले दोघं मुरलेले खेळाडू, पण आमचे जावईबापू त्यांना ऐकेनात. एकेक टोला असा, जणू दोरी लावून आखलेला! वैशू लांब पलीकडं मॅडमजवळ उभी, तिच्या डोळ्यांत पाणी. शेवटच्या खड्ड्यापर्यंत दोन्ही बाजू बरोबरीत आल्या. आता जावईबापूंचा टोला. त्यांनी काठी फिरवली, आणि दोन वर्षांची सवय म्हणजे काय असते, पाय तसूभर जुन्या जागी सरकला असावा. चेंडू वाकडा निघाला! मोठा वळसा घेतला, निंबाच्या खोडावर टक्कन आपटला, आणि टप्पकन कुठं पडावा? माझ्या पदरात! शेंगांच्या फोलपटांत!

मी खाली पाहिलं. लाल टिंब. खाली दोन रेघा.

निंबाचं खोड मध्ये होतं, कोणाला काही दिसलं नव्हतं. मला लेकीची शपथ आठवली. चारचौघांत दाखवू नको! मी तुला सांगते, आयुष्यात इतक्या चपळाईनं मी कधी काही केलं नसेल. पदराची घडी घातली, चेंडू आत, वर फोलपटं, आणि तोंडात शेंगदाणा टाकून मी आभाळाकडं पाहायला लागले.

सगळे धावत आले. साहेब, जावई, ते दुसरे दोघं. गवतात पाहिलं, झुडपात पाहिलं, काठीनं पाला उपसला. जावईबापू रडकुंडीला आलेले. माझ्यापाशी येऊन म्हणाले, "आई, इथंच कुठं पडला. तुम्हाला दिसला का?"

त्यांच्या पाठीशी तीन परके कान! मी डोळ्यांनी खूण केली, की घाबरू नका, मी आहे. त्यांना वाटलं, माझ्या डोळ्यात काही गेलं. "नाही बापा," मी म्हटलं. "मले तर काहीच दिसलं नाही."

तीन मिनिटं झाली. समोरच्यांनी घड्याळ दाखवलं. चेंडू हरवला असं ठरलं. मग जावयांना मागं जाऊन नवा चेंडू मारावा लागला, वर दंडाचा एक टोला. आणि त्या एका टोल्यानं मॅच गेली! चषक दुसऱ्या खाणीवाले घेऊन गेले.

परतताना जीपमध्ये पुढं साहेब, मागं आम्ही तिघं. जावयाचं तोंड मला पाहवेना. म्हटलं, एवढं तरी समाधान द्यावं गरिबाला. मी पदर सोडला आणि चेंडू त्यांच्या हातात ठेवला. "घ्या. मॅच गेली तर जाऊ द्या, पण चेंडू वाकडा गेला हे एकालाही कळू दिलं नाही मी!"

जीप थांबली. ड्रायव्हरनंच थांबवली, साहेबांनी सांगायच्या आधी.

साहेब हळूहळू मागं वळले. फार शांतपणे त्यांनी मला समजावलं, की बघणाऱ्या माणसाच्या अंगावर चेंडू पडला तर काहीच दंड नसतो. तिथंच खाली ठेवून पुढं खेळायचं असतं. मी नुसता पदर उघडून दाखवला असता, तर जिंकायची संधी आमच्याकडंच होती.

"शपथ होती साहेब," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? वैशू खिडकीबाहेर पाहत होती. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, कोळशाचे ट्रक होते.

साहेबांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. "राऊत, तुमचा पाय आता बरोबर आहे. चेंडू पण बरोबर आहे. आता सासू बदलता येते का तेवढं पाहा."

मग मात्र जावईबापू हसले. इतके हसले, इतके हसले, की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि हसता हसताच म्हणाले, "वा आई! वा!" तीन वर्षांपासून जे ऐकायचं होतं ते मी ऐकलं. मनापासून होतं, यात शंका नाही.

तर अशी गोष्ट आहे. निघालीस? बस की गं, चहा तरी घे. बरं, जा, पण लवकर पुन्हा ये. दिवाळीनंतर ये, चांगली चार दिवस राहायला ये. त्या सुमारास त्यांची परतीची मॅच आहे, आणि वैशूनं सगळ्या नातेवाइकांना फोन करून ठेवलाय, की त्या आठवड्यात कोणीतरी आईकडं पाहुणं म्हणून जा आणि तिला घराबाहेर पडू देऊ नका. तू येतेस ना?